सीआरओच्या कपाटाची चावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सध्या डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनचा सीझन आहे, त्यामुळे तुमच्या पेपरात रोज कॉलेजांच्या जाहिराती येतायत, आणि प्रत्येक जाहिरातीत न चुकता दोन शब्द असतात, 'सुसज्ज प्रयोगशाळा'. त्या दोन शब्दांवरूनच हे पत्र लिहितोय. मी एका कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये एकतीस वर्षं लॅब अटेंडंट होतो. पोरं मामा म्हणायची. माझं शिक्षण आयटीआय, रेडिओ-टीव्ही मेकॅनिक ट्रेड, म्हणजे मी काही प्राध्यापक वगैरे नाही, पण कपाटाची चावी एकतीस वर्षं माझ्याच खिशात होती, त्यामुळे सुसज्ज म्हणजे काय ते मला विचारा.

आमच्या लॅबला सीआरओ होते आठ, म्हणजे विजेची लाट स्क्रीनवर काढून दाखवणारी मशीन. आताची पोरं डीएसओ म्हणतात, म्हणजे डिजिटलवाला, पुस्तकात ऑसिलोस्कोप असतं, आमच्याकडे मात्र सीआरओच. आत कॅथोड रे ट्यूब असायची म्हणून सीआरओ. कार्ल फर्डिनांड ब्राऊन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली तशी पहिली नळी बनवली, आता ती नळी जाऊन सपाट स्क्रीन आली तरी जर्नलवरचं नाव काही बदललं नाही. तर आठातले चार चालू, त्यातल्या दोघांचा एकेक चॅनेल मेलेला. बॅच वीस-बावीस पोरांची. प्रॅक्टिकल दोन तासांचं, त्यातला अर्धा तास हजेरी आणि फळ्यावरची आकृती यात जायचा, मग एकेका मशीनभोवती पाच-सहा पोरं, पुढचा नॉब फिरवतोय, मधले मान उंच करून बघतायत, शेवटचा खिडकीतून क्रिकेट बघतोय. रीडिंग एकजण घेणार, बाकीचे उतरवणार, आणि तो एकजणसुद्धा बऱ्याचदा सीनियरच्या जर्नलमधूनच घेणार.

हे मला कसं कळायचं तेही सांगतो. एका वर्षी ६-०-६ चा, म्हणजे मधल्या तारेपासून दोन्हीकडे सहा-सहा व्होल्ट देणारा, ट्रान्सफॉर्मर जळाला म्हणून मी त्या बोर्डावर ९-०-९ चा बसवला. त्या टर्मला सगळ्या जर्नलमध्ये रीडिंग आलं १७ व्होल्ट पीक टू पीक. आता ६ व्होल्टच्या वाइंडिंगला १७ येतात, बरोबर आहे, पण ९ ला येतात २५ च्या वर. म्हणजे साठ पोरांनी जे मोजलं ते त्या टेबलावर नव्हतंच! सह्या मात्र सगळ्यांना मिळाल्या.

आणि यातच खरी शिकायची गोष्ट होती बघा. मल्टिमीटर लावला की ९ दाखवतो, सीआरओ लावला की २५, मग खरं कोण? ज्या पोराने हातात प्रोब, म्हणजे सीआरओची टोकदार वायर, धरून हे पहिल्यांदा बघितलं ते गोंधळलंच पाहिजे. मीटर आरएमएस सांगतो, म्हणजे तेवढीच उष्णता देणारं डीसी किती असतं ते, आणि सीआरओ अख्खी लाट दाखवतो, खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत. ९ ला १.४१४ ने गुणा, १२.७ येतं, ती झाली शून्यापासून टोकापर्यंतची उंची, दुप्पट करा, २५ आलं. आपल्या घरच्या २३० व्होल्टचं पण तसंच, टोक ३२५ ला जातं. हे गणित पुस्तकात असतंच पण डोक्यात कधी बसतं तर समोर दोन आकडे भांडतायत आणि त्यांचं भांडण आपल्यालाच सोडवायचंय तेव्हा बसतं.

पोरांना दोष देत नाही मी. खरा मुद्दा कपाटाचा आहे. लॅबमध्ये डेड स्टॉक रजिस्टर नावाचं एक लाल कापडी बाइंडिंगचं वजनदार पुस्तक असतं, प्रत्येक मशीनला त्यात नंबर, आणि मशीन बिघडलं तर खुलासा कोण देणार? लॅब इन्चार्ज आणि अटेंडंट. म्हणून सगळ्यात सोपं काय, तर मशीन बाहेरच काढायचं नाही. मी स्वतः कित्येकदा पोरांना सांगितलंय की आज चावी नाही, आणि चावी खिशातच असायची. दोन सीआरओ तर प्लॅस्टिकच्या कव्हरातून फक्त तपासणीची कमिटी यायच्या दिवशी बाहेर यायचे, फडक्याने पुसून, साइन वेव्ह लावून, अगदी सत्यनारायणाला चौरंग मांडावा तसे. कमिटी गेली की परत आत. वीस मेगाहर्ट्झचे चांगले मशीन, त्यांचे नॉब अजून कडक होते जेव्हा ते भंगारात गेले.

आता मी कसा शिकलो ते. नोकरी लागली तेव्हा मला सीआरओ चालू करण्यापलीकडे काही येत नव्हतं, आयटीआयमध्ये आम्ही तो लांबून बघितलेला. संध्याकाळी साडेपाचला लॅब रिकामी झाली की मी एक मशीन काढून बसायचो. पहिले आठ दिवस गेले ते रेषा शोधण्यात. खोटं वाटेल पण सीआरओवर सगळ्यात अवघड काम म्हणजे नुसती आडवी रेषा स्क्रीनवर आणणं. इंटेन्सिटी कमी असेल तर ती दिसत नाही, पोझिशनचा नॉब कोणी फिरवला असेल तर ती स्क्रीनच्या वर निघून गेलेली असते, ट्रिगर, म्हणजे लाट कुठून काढायला घ्यायची ते ठरवणारी सोय, नॉर्मलवर असेल तर सिग्नल नाही म्हणून ती येतच नाही, आणि या तिन्ही गोष्टी एकदम झाल्या असतील तर मशीन मेलं असं समजून लोक स्टोअरला पाठवतात. आमचे दोन असे 'मेलेले' सीआरओ मी नुसते नॉब जागेवर आणून जिवंत केले, त्याबद्दल शाबासकी मिळाली आणि मी पण ती गुपचूप घेतली.

दुसरी गोष्ट त्या व्हेरिएबल नॉबची. व्होल्ट पर डिव्हिजनच्या मोठ्या नॉबच्या पोटात एक छोटा नॉब असतो, तो शेवटपर्यंत फिरवून कॅलच्या खुणेवर ठेवायचा, तरच स्क्रीनवरचे चौकोन मोजून गुणाकार बरोबर येतो. तो जरा जरी हलला असेल तर लाट छान दिसते, स्थिर दिसते, फक्त आकडा खोटा येतो. पाच चौकोन गुणिले दोन म्हणजे दहा व्होल्ट असं पोरगं लिहितं आणि खरे असतात पंधरा. चुकीचं मशीन ओळखता येतं हो, बरोबर दिसणारं चुकीचं मशीन ओळखायला हात बसावा लागतो. तसंच प्रोबवरचं ते बारकं स्विच, एक्स-वन आणि एक्स-टेन. टेनवर असेल तर सिग्नल दहापट लहान होऊन आत जातो, मशीनला ते माहीत नसतं, तुम्ही दहाने गुणायचं. मग पोरं म्हणणार टेनची कटकट कशाला, वनवरच ठेवू. तर टेनवर प्रोबमध्ये नऊ मेगओहमचा रेझिस्टर मध्ये येतो, सीआरओचा स्वतःचा एक मेगओहम, मिळून दहा, म्हणजे सर्किटवर भार कमी पडतो. शिवाय वनवर बहुतेक प्रोब पाच-सहा मेगाहर्ट्झच्या पुढे आंधळेच होतात. आणि टेन वापरायचा तर आधी प्रोब जुळवून घ्यायचा. मशीनच्या पुढेच एक हूक असतो, त्यावर एक किलोहर्ट्झची चौकोनी लाट येते, तिथे प्रोब अडकवायचा आणि प्लॅस्टिकच्या पेचकसाने प्रोबमधला बारका स्क्रू फिरवायचा, चौकोनाचे खांदे पडलेले असतील किंवा टोकं वर आली असतील तर दोन्ही जाऊन काटकोन आला पाहिजे. एक मिनिटाचं काम आहे. एकतीस वर्षांत हे न सांगता करणारी पोरं मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी बघितली, सरांचं नाही बोलत.

धडाका पण करून झालाय. एका कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय बघत होतो, चालू अवस्थेत, आणि प्रोबची ती काळी मगरक्लिप प्रायमरी म्हणजे मेन्सच्या बाजूला, ब्रिजच्या (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडच्या) मायनसला लावली. आपल्याला वाटतं मायनस म्हणजे ग्राउंड. धाड! क्लिपचं टोक वितळून मोत्यासारखं गोल झालं, लॅबचा एमसीबी पडला, खालच्या मजल्यावरून सर धावत आले. कारण असं की सीआरओची ती क्लिप मशीनच्या बॉडीला असते आणि बॉडी भिंतीतल्या अर्थिंगला. आणि सप्लायचा तो मायनस ब्रिजमधून थेट लाइनला चिकटलेला असतो. म्हणजे मी लाइन आणि अर्थ यांची एका वायरने गाठ मारली. ही एक गोष्ट, की क्लिप म्हणजे मीटरची काळी वायर नव्हे, ती वाटेल तिथे लावायची नसते, ही पहिल्या प्रॅक्टिकलच्या पहिल्या पाच मिनिटांत सांगायला पाहिजे, आणि आमच्या मॅन्युअलमध्ये ती एक ओळ पण नव्हती. सीआरओचा फुल फॉर्म मात्र होता, आणि तोंडी परीक्षेत तोच विचारायचे.

ट्रिगर समजायला मला जास्तच वेळ लागला. लाट स्क्रीनवर पळत राहायची, मी वैतागून वेगवेगळे नॉब फिरवायचो आणि कधीतरी ती थांबायची, का थांबली ते कळायचं नाही. मग गावच्या जत्रेत पाळण्यासमोर उभा असताना डोक्यात उजेड पडला. पाळणा फिरतोय, तुम्ही कधीही फोटो काढले तर प्रत्येक फोटोत पाळणे वेगळ्या जागी. पण ठरवलं की लाल पाळणा अमुक उंचीवर आला की क्लिक करायचं, तर सगळे फोटो सारखे येणार, एकावर एक ठेवले तर पाळणा थांबल्यासारखा वाटणार. ती उंची म्हणजे ट्रिगर लेव्हल. आणि लाल पाळणा त्या उंचीवरून एकदा वर जाताना जातो, एकदा खाली येताना, त्यातलं कुठलं धरायचं ते म्हणजे स्लोप. लेव्हल लाटेच्या उंचीच्याही वर नेऊन ठेवली तर लाल पाळणा तिथे कधी येणारच नाही, क्लिक होणारच नाही, मग ऑटो मोडवाला कंटाळून असाच फोटो काढत सुटतो आणि नॉर्मलवाला वाट बघत बसतो. अमेरिकेतल्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीचं ५११ मॉडेल १९४७ मध्ये आलं ते याच ट्रिगरच्या जोरावर. हे पाळण्याचं उदाहरण मी नंतर शेकडो पोरांना दिलं, एका सरांनी पण ते वर्गात वापरलं, माझं नाव नाही घेतलं पण चालतं.

पुढे पुढे मी एक करायचो. सबमिशनच्या आदल्या आठवड्यात, सर मीटिंगला गेले की, एकेका पोराला बोलावून मशीनची सगळी बटणं विस्कटून द्यायचो, व्हेरिएबल हलवलेला, कपलिंग ग्राउंडवर, ट्रिगरचा सोर्स दुसऱ्या चॅनेलवर, आणि म्हणायचो आता लाट आणून दाखव, मी चहा पिऊन येतो. पहिल्यांदा कोणालाच जमायचं नाही. तिसऱ्यांदा बहुतेकांना जमायचं. दहा मिनिटं एकट्याने, बस. पाच जणांच्या घोळक्यात तीन वर्षं उभं राहून जे येत नाही ते त्या दहा मिनिटांत येतं असा माझा अनुभव आहे, आणि त्यात एकही मशीन बिघडलं नाही, एक नॉब निघून हातात आला तेवढंच, तो फेव्हिक्विकने बसवला.

रिटायर झाल्यावर मी जुन्या बाजारातून एक दोन चॅनेलचा सीआरओ उचलला, ट्यूब जरा मंद आहे पण चालतो, तो घरी गॅलरीत टेबलावर ठेवलाय. आमच्या सोसायटीत कळलंय सगळ्यांना, त्यामुळे ॲडॉप्टर, मिक्सरचे बोर्ड, काय काय येत असतं. मागच्या महिन्यात शेजारच्या बिल्डिंगमधली एक मुलगी आली, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, आर्डुइनोवर, म्हणजे प्रोग्राम टाकता येणाऱ्या छोट्या बोर्डावर, छोटी गाडी बनवतेय. म्हणाली, "मामा, पिनमधून मी निम्मा स्पीड दिलाय, मीटर अडीच व्होल्ट दाखवतो, म्हणजे आर्डुइनो अडीच व्होल्ट देतो ना?" मी म्हटलं लाव प्रोब. तिने प्रोब हातात घेतला आणि विचारलं क्लिप कुठे लावू. बरं वाटलं मला, निदान विचारलं तरी. गाडी बॅटरीवर होती, क्लिप ग्राउंडला लावली, नऊ नंबरच्या पिनला टोक टेकवलं आणि स्क्रीनवर चौकोनी लाट आली. शून्य, पाच, शून्य, पाच. अडीच कुठेच नाही! ती दोन मिनिटं नुसती बघत होती. मग स्वतःच चौकोन मोजायला लागली, एका लाटेला दोन मिलिसेकंदाच्या जरा वर, म्हणजे ४९० च्या आसपास हर्ट्झ, आणि स्पीड वाढवला की लाट उंच होत नाही, रुंद होते. "मीटर सरासरी काढतोय होय," म्हणाली. तीन वर्षांत पल्स विड्थ मॉड्युलेशनवर तिने दोनदा दहा मार्कांचं उत्तर लिहिलंय, ते तिनेच सांगितलं.

मी विचारलं कॉलेजात सीआरओ नाही का. तर आहे म्हणे, डिजिटल आहे, नवा आहे, पण सर ऑटोसेट दाबून दाखवतात, म्हणजे सगळे नॉब मशीन स्वतःच लावून घेतं. ऑटोसेटचा मला राग नाही, बटण चांगलं आहे, पण ते आपल्या मनाने ठरवतं काय दाखवायचं. १२ व्होल्टवर चढलेला रिपल, म्हणजे बारीक चढउतार, बघायचा तर एसी कपलिंग (स्थिर डीसी अडवून फक्त हलणारा भाग आत घेणं) आपणच करायला लागतं, नाहीतर ते तुम्हाला सपाट रेषा दाखवून मोकळं. परवाच एक सेटटॉप बॉक्सचा ॲडॉप्टर आला होता, बॉक्स सारखा रिस्टार्ट होतो म्हणून, मीटरवर १२.१, एकदम ठणठणीत. लोड लावून सीआरओवर बघितलं तर खाली आठपर्यंत दात पडत होते, आउटपुटचा कपॅसिटर संपला होता. जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या सप्लायला तर नुसत्या रिपलवरून डायोड सांगता येतो, उंचवटे दहा मिलिसेकंदाला येत असतील तर ब्रिज बरा आहे, वीसला येत असतील तर एक डायोड उघडलाय. मीटर हे सांगत नाही.

आता कोणी म्हणेल मशीन महाग असतात. होते. आता दोन हजाराच्या आसपास एक चॅनेलचं किट मिळतं, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा, दोनशे किलोहर्ट्झपर्यंतच चालतं, त्याच्या बरंच वर गेलं की खोटी संथ लाट दाखवायला लागतं, पण ऑडिओ, रिपल, आर्डुइनो एवढं शिकायला पुरतं, आणि ती खोटी लाट का येते हाही एक धडाच आहे. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरने तर एक्सपआईज नावाचं छोटं यंत्र खास शाळा-कॉलेजांसाठीच बनवलंय, लॅपटॉपला लावायचं, स्क्रीनवर लाटा, डिझाइन सगळ्यांना खुलं. कॉम्प्युटरवरचं सिम्युलेशन मला विचाराल तर ठीक आहे, कोरोनात तेवढंच होतं, पण सिम्युलेशनमध्ये रेषा कधी हरवत नाही आणि क्लिप कधी वितळत नाही.

तर माझं म्हणणं एवढंच की पालकांनी ॲडमिशन घेताना लॅब बघायला जावं, नुसतं दारातून नाही, आत, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या कुठल्याही पोराला विचारावं की बाबा, तू एकट्याने या मशीनवर किती वेळ बसलायस. आणि कपाटाला कुलूप असेल तर चावी कोणाकडे असते, आणि संध्याकाळी मागितली तर मिळते का. कॉलेजवाल्यांनी, मशीन तुटलं तर अटेंडंटकडून खुलासा मागणं बंद करावं, निदान शिकताना तुटलं असं लिहायला रजिस्टरमध्ये एक रकाना ठेवावा. तसा रकाना असता तर मी पण 'आज चावी नाही' असं इतक्या वेळा म्हटलं नसतं, हे इथे कबूल करून टाकतो.

आपला,
एक रिटायर्ड लॅबमामा,
पिंपरी-चिंचवड

ता. क. : काही रिपेअरवाले सीआरओच्या प्लगची अर्थची पिन कापतात, म्हणजे क्लिप कुठेही लावली तरी धडाका होत नाही. धडाका होत नाही खरा, पण मग लाइन सीआरओच्या बॉडीवर येऊन बसते आणि हात नॉबवर असतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावायचाच तर ज्याची दुरुस्ती करताय त्याला लावा, सीआरओला नाही. ज्यांनी पिन कापलीय त्यांनी आजच प्लग बदलावा, फार खर्च नाही.